दहावीचं सायन्स: प्रकाश, रासायनिक अभिक्रिया आणि जीवनप्रक्रिया यांवर पोरं आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरात दहावीच्या पोरांना सायन्स शिकवते आणि शाळा सुरू झाली की तेच तेच प्रश्न फिरून येतात, वर्गात, फोनवर, कधी कधी भाजी घेताना एखाद्या आईकडून. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. स्टेट बोर्ड असो की सीबीएसई, विज्ञान तेच आहे, फक्त धड्यांची मांडणी वेगळी, त्यामुळे दोघांनीही वाचलं तरी चालेल. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, पण पहिला मात्र सोडू नका.

प्र. मॅडम, प्रकाश भाग १ मध्ये, जीवनप्रक्रिया भाग २ मध्ये, यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? की वेगवेगळंच करायचं?

संबंध आहे आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोन पुस्तकं, दोन वह्या, दोन पेपर, म्हणून पोरांच्या डोक्यातही दोन कप्पे होतात आणि मग सगळं पाठ करावं लागतं. आता असं बघा. सूर्याचा पांढरा प्रकाश पानावर पडतो, त्यात सगळे रंग असतात, हरितद्रव्य त्यातला मुख्यतः लाल आणि निळा भाग शोषून घेतं आणि हिरवा बराचसा परत पाठवतं, म्हणून पान हिरवं दिसतं. हा झाला प्रकाशाचा धडा. शोषलेल्या ऊर्जेवर पान ६ रेणू कार्बन डायऑक्साइड आणि ६ रेणू पाणी यांच्यापासून १ रेणू ग्लुकोज बनवतं आणि ६ रेणू ऑक्सिजन बाहेर सोडतं. ही झाली रासायनिक अभिक्रिया, ऊर्जा आत घेणारी. मग ते ग्लुकोज स्टार्च होऊन भातात, पोळीत, बटाट्यात येतं, आपण खातो, आणि आपली पेशी तेच ग्लुकोज ऑक्सिजन वापरून तोडते, परत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं आणि ऊर्जा बाहेर येते. ही झाली जीवनप्रक्रिया, आणि रसायनशास्त्राच्या भाषेत ही उष्मादायी अभिक्रिया आहे. दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहा, डावीकडचं उजवीकडे गेलेलं दिसेल. (पायऱ्या मात्र पूर्ण वेगळ्या आहेत, तीच वाट उलटी चालत नाहीत, हे लक्षात ठेवा.) कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी रोज दिसतात न, तिथे जळतो तो कोळसा पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेला सूर्यप्रकाशच आहे.

प्र. मे महिन्यात वर्धा रोडवर दुपारी समोर पाणी सांडल्यासारखं दिसते, जवळ गेलं की गायब. हे काहून होते?

हे मृगजळ. नागपूरच्या पोरांनी या प्रश्नात मार्क घालवूच नयेत, कारण आपण ते दर उन्हाळ्यात बघतो. डांबर उन्हात प्रचंड तापतं, त्याला लागून असलेली हवा गरम होऊन विरळ होते, तिचा अपवर्तनांक (प्रकाश त्या माध्यमात किती पट हळू होतो तो आकडा) वरच्या थंड हवेपेक्षा किंचित कमी होतो. आता दूरच्या आकाशाकडून तिरपा खाली येणारा प्रकाश घनदाट हवेतून विरळ हवेत, मग अजून विरळ हवेत जातो, प्रत्येक थरात स्तंभिकेपासून (म्हणजे थराच्या पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेपासून) थोडा थोडा दूर वाकत जातो, आणि रस्त्याजवळ येईपर्यंत इतका आडवा होतो की खाली जायच्या ऐवजी वर वळतो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. डोळ्याला तो रस्त्यावरून आल्यासारखा वाटतो. म्हणजे जे चमकतंय ते आकाश आहे, रस्त्यावर दिसणारं. आपण त्याला पाणी समजतो कारण साचलेल्या पाण्यातही आपल्याला आकाशच दिसत असतं.

जवळ गेल्यावर गायब का होतं हा खरा मस्त प्रश्न आहे. हवेचा अपवर्तनांकच मुळात १.०००३ च्या आसपास, त्यात गरम-थंड हवेचा फरक अजूनच बारीक, त्यामुळे प्रकाश फार वाकू शकत नाही. तो अगदी आडवा येत असेल तरच वर वळतो. म्हणून दूरचाच रस्ता ओला दिसतो, पायाजवळचा कधीच नाही. आणि हा डोक्यातला भास नाही बरं का, मोबाईलवर फोटो काढा, फोटोत पण येतं. उत्तरात हवेचे थर, अपवर्तनांक आणि स्तंभिका हे तीन शब्द आले पाहिजेत, आणि आकृती काढलीत तर फारच छान.

होळीच्या ज्वाळांच्या पलीकडची माणसं हलताना दिसतात, त्याचं कारणही हेच. तारे लुकलुकतात तेही हवेच्या हलत्या थरांमुळेच, पण ग्रह लुकलुकत नाहीत कारण ते जवळ असल्यामुळे बिंदूसारखे नसून छोट्या चकतीसारखे असतात आणि चकतीच्या वेगवेगळ्या बिंदूंचं कमीजास्त होणं एकमेकांत मिसळून जातं.

प्र. प्रकाश स्तंभिकेकडे वाकतो की दूर, दर वेळी गोंधळ होतो.

पाठ करू नका, बैलगाडी आठवा. डांबरी रस्त्यावरून गाडी तिरपी काळ्या मातीच्या चिखलात उतरली तर जे चाक आधी चिखलात जातं ते हळू होतं, दुसरं अजून जोरात असतं, म्हणून गाडी वळते, आणि वळून चिखलात जास्त सरळ शिरते. प्रकाशाचं तसंच. हवेतून काचेत गेला, वेग कमी झाला, स्तंभिकेकडे वाकला. काचेतून हवेत आला, वेग वाढला, दूर वाकला. सरळ, म्हणजे स्तंभिकेवरूनच शिरला तर दोन्ही चाकं एकदम उतरली, वळणार नाही, फक्त हळू होईल. निर्वातात वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, साध्या काचेचा दीडच्या आसपास, हिऱ्याचा २.४२, म्हणजे हिऱ्यात प्रकाश अडीचपटीच्या जवळपास हळू.

प्र. विहिरीचं पाणी आहे त्यापेक्षा कमी खोल दिसतं म्हणतात, किती कमी?

स्वच्छ पाण्यात वरून सरळ खाली बघितलं तर खऱ्या खोलीच्या पाऊण. ८ फूट पाणी ६ फूट दिसतं. तिरपं बघितलं तर अजूनच कमी. पोहता न येणाऱ्या पोरांनी हे परीक्षेपुरतं न ठेवता खरंच लक्षात ठेवा, दिसतो तळ जवळ आणि पाय टेकत नाहीत.

प्र. भिंगाच्या गणितात प्लस-मायनसमध्येच चुका होऊन राहिल्या. काही सोपी पद्धत?

एकच पद्धत आहे, गणिताच्या आधी आकृती. अगदी कच्ची काढा पण काढा. भिंगाचा मध्य म्हणजे शून्य, उजवीकडे प्लस, डावीकडे मायनस, वर प्लस, खाली मायनस. वस्तू आपण नेहमी डावीकडे ठेवतो म्हणून वस्तूचं अंतर कायम मायनस, यात विचार करायचाच नाही. बहिर्वक्र (मध्ये जाड) भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे मध्यापासून नाभीपर्यंतचं अंतर, प्लस, अंतर्वक्रचं (मध्ये पातळ) मायनस. आणि जे काढायचं आहे त्याला स्वतःच्या मनाने चिन्ह लावू नका, ते गणितातून आपोआप येतं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

करून बघू. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर. सूत्र म्हणतं १ भागिले प्रतिमेचं अंतर, वजा १ भागिले वस्तूचं अंतर, बरोबर १ भागिले नाभीय अंतर. वस्तूचं अंतर उणे १५ आहे, ते दुसऱ्या बाजूला नेलं की १/१० वजा १/१५ होतं, म्हणजे १/३०. प्रतिमा अधिक ३० सेंमीवर, प्लस म्हणजे भिंगाच्या पलीकडे, म्हणजे वास्तव, पडद्यावर घेता येईल. विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, ३० भागिले उणे १५, उत्तर उणे २. दुप्पट मोठी, आणि मायनस म्हणजे उलटी. आता आकृतीशी ताडून बघा. वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्या मध्ये आहे, प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे, मोठी, उलटी, जुळलं. नाही जुळलं तर गणितात चूक आहे हे पेपर सुटायच्या आधीच कळतं.

आणि आरशाचं सूत्र वेगळं आहे, तिथे वजा नाही, अधिक आहे. दोन्ही सूत्रं वहीच्या एकाच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

प्र. (एका आईचा) पोराला मायनस दोनचा नंबर लागला. पुस्तकातल्या धड्याशी याचा काही संबंध?

पूर्ण संबंध. भिंगाची शक्ती म्हणजे १ भागिले मीटरमधलं नाभीय अंतर, एकक डायॉप्टर. उणे २ म्हणजे नाभीय अंतर उणे अर्धा मीटर, अंतर्वक्र भिंग. याचा अर्थ असा की चष्म्याशिवाय तुमच्या मुलाला साधारण अर्ध्या मीटरपर्यंतच नीट स्पष्ट दिसतं, त्यापुढचं धूसर, म्हणजे फळा तर सोडाच, समोरच्या बाकावरची वहीसुद्धा नाही. याला निकटदृष्टिता म्हणतात. दूरून येणारे किरण डोळ्यातल्या पडद्यावर पोचायच्या आधीच एकत्र येतात, चष्मा त्यांना आधी थोडं पसरवतो. "चष्म्याने नंबर वाढतो" म्हणून पोरांना चष्मा न लावू देणारे पालक अजून भेटतात, त्यांना मी कळकळीने सांगते, फळा न दिसणारं पोर हुशार असूनही मागे पडतं, चष्मा लावू द्या. आणि तुम्हाला स्वतःला चाळिशीनंतर मोबाईल लांब धरावा लागत असेल तर ती वृद्धदृष्टिता, डोळ्यातलं भिंग पूर्वीसारखं फुगत नाही.

प्र. सी. व्ही. रामन नागपुरात होते हे खरं आहे का?

हो, १९१० च्या सुमारास ते सरकारी लेखा खात्यात नोकरीला होते तेव्हा काही काळ नागपुरात होते. नंतर कलकत्त्यात त्यांनी प्रकाशाच्या विकिरणावर (विखुरण्यावर) काम केलं, २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला, तोच दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, आणि १९३० मध्ये नोबेल मिळालं. गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं.

एक मात्र लक्षात घ्या, संध्याकाळी फुटाळा तलावावर आकाश लाल होतं ते रामन परिणामामुळे नाही. ते साधं विकिरण, ज्यात रंग बदलत नाही, फक्त दिशा बदलते. आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतो, जांभळा लालपेक्षा सुमारे ९ पट. सूर्य क्षितिजावर असताना प्रकाशाला हवेतून खूप लांब यावं लागतं, निळा वाटेतच विखुरला जातो, लाल-केशरी उरतो. रामन परिणामात मात्र विखुरलेल्या थोड्याशा प्रकाशाची तरंगलांबीच बदलते, कारण त्यातली थोडी ऊर्जा रेणू घेतो किंवा देतो.

प्र. समीकरण संतुलित करताना खालचा आकडा का बदलायचा नाही? बदलला की पटकन जुळतं की.

जुळतं पण पदार्थच बदलतो. पाण्याच्या रेणूत २ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून तुम्ही तिथे खाली २ लिहिलं की ते पाणी राहिलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायचं. म्हणून फक्त पुढचा आकडा बदलायचा, म्हणजे रेणू किती घेतले तो. हा नियम कोणी मनाने ठरवलेला नाही, अभिक्रियेत अणू नवे तयार होत नाहीत आणि नष्टही होत नाहीत, फक्त जोड्या बदलतात, एवढंच समीकरण सांगतं.

सुरुवात जास्त अणू असलेल्या संयुगापासून करा. तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की लोखंडाचं एक ऑक्साइड तयार होतं ज्यात ३ लोखंड आणि ४ ऑक्सिजन असतात, आणि हायड्रोजन सुटतो. ऑक्साइडमध्ये ४ ऑक्सिजन आहेत न, मग पाण्याचे ४ रेणू घ्या. ४ पाण्यात ८ हायड्रोजन, म्हणजे हायड्रोजनचे ४ रेणू. ३ लोखंड. संपलं. शेवटी प्रत्येक मूलद्रव्य दोन्ही बाजूला मोजा, मोजल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला जाऊ नका.

प्र. इतक्या अभिक्रिया पाठ कशा होतील? संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन, वर उष्मादायी-उष्माग्राही.

वेगवेगळ्या वीस पदार्थांची यादी घोकण्यापेक्षा एकच पदार्थ धरून त्याच्या मागे मागे जा. माझा आवडता पदार्थ चुना. चुनखडी भट्टीत १००० अंशांच्या आसपास भाजली की तिचे दोन भाग होतात, कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड. एकाचे दोन झाले, अपघटन, आणि उष्णता द्यावी लागली म्हणून उष्माग्राही. तो कळीचा चुना पाण्यात टाकला की फसफसून उकळल्यासारखं होतं, वाफा निघतात, दोघांचा मिळून एक पदार्थ झाला, भिजवलेला चुना. संयोग, आणि उष्मादायी. गावाकडे दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायचे तेव्हा टाकीतून वाफा निघताना आजी-आजोबांनी नक्की बघितलं असेल, विचारा त्यांना. मग तो चुना भिंतीवर लावला की दोन-तीन दिवसांत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत कॅल्शियम कार्बोनेट होतो, पाणी उडून जातं, भिंत पांढरीशुभ्र आणि कडक. जिथून निघालो तिथेच परत आलो.

आणि हाच चुना जीवनप्रक्रियेत पुन्हा भेटतो. पानठेल्यावर मिळतो तो चिमूटभर चुना ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवा, खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी काढून घ्या, ती चुन्याची निवळी. त्यात नळीने फुंकर मारा. थोड्या वेळात दुधाळ होते, कारण तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने तेच कॅल्शियम कार्बोनेट बनवलं जे भिंतीवर बनतं. फुंकतच राहिलात तर दुधाळपणा परत जातो, कारण आता विरघळणारं बायकार्बोनेट तयार होतं. एका ग्लासात दोन धडे. (फक्त फुंकायचं, ओढायचं नाही, आणि चुन्याचा हात डोळ्याला लावायचा नाही. कळीचा चुना तर मुलांनी हातातच घ्यायचा नाही, डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.)

प्र. संत्र्याची साल फुग्याजवळ पिळली की फुगा फुटतो. ही रासायनिक अभिक्रिया का?

नाही, आणि संत्रानगरीच्या पोरांना हे माहीत असायला पाहिजे. सालीतल्या तेलात लिमोनिन नावाचा पदार्थ असतो, तो फुग्याच्या रबरात शिरून ते कमजोर करतो, आधीच ताणलेला फुगा फुटतो. थर्माकोलवर टाकलं तर थर्माकोल विरघळतो. विरघळणं म्हणजे भौतिक बदल, नवीन पदार्थ झाला नाही. संत्र्याच्या रसात खायचा सोडा टाकला की फेस येतो, ती मात्र खरी अभिक्रिया, सायट्रिक आम्ल आणि सोडा यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो.

प्र. ऑक्सिडीकरण कोणाचं आणि क्षपण कोणाचं?

ऑक्सिजन मिळाला किंवा इलेक्ट्रॉन गेले, ऑक्सिडीकरण. ऑक्सिजन गेला किंवा इलेक्ट्रॉन मिळाले, क्षपण. दोन्ही कायम जोडीने होतात, कारण एकाने सोडलं ते कोणीतरी घेतलंच पाहिजे. आपल्याकडच्या रामटेक-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, त्यातल्या मँगनीज डायऑक्साइडबरोबर ॲल्युमिनिअमची पूड तापवली की ॲल्युमिनिअम ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि मँगनीज मोकळं होतं. ॲल्युमिनिअमचं ऑक्सिडीकरण, मँगनीज डायऑक्साइडचं क्षपण. इतकी उष्णता निघते की धातू वितळलेलाच मिळतो. रेल्वेचे रूळ जागेवर जोडायला हीच युक्ती वापरतात, फक्त तिथे लोखंडाचं ऑक्साइड असतं आणि वितळलेलं लोखंड रुळांच्या फटीत ओततात.

प्र. सावजीचं झणझणीत जेवण खाल्ल्यावर जी जळजळ होते ती आम्लामुळे का?

दोन वेगळ्या जळजळी आहेत. तोंडातली जळजळ मिरचीतल्या कॅप्सायसिनची, ते उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतं, जीभ खरी तापत नाही. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी पिऊन फायदा नाही, दही-दूध घ्या. नंतर छातीत होते ती मात्र आम्लाची. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, पचनाला आणि जंतू मारायला ते लागतंच, पण ते वर अन्ननलिकेत आलं की जळजळतं, कारण जठराला आतून श्लेष्माचं अस्तर असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. आम्लपित्तावरच्या पातळ औषधात बहुतेक वेळा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखा आम्लारी असतो, आम्ल अधिक आम्लारी, क्षार अधिक पाणी, उदासिनीकरण. सोडा घेतला की ढेकर येतो कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण वारंवार होत असेल तर सोडा पीत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

प्र. श्वास घेणं म्हणजेच श्वसन न?

नाही. श्वास घेणं म्हणजे हवा आत-बाहेर करणं, ते शरीराच्या पातळीवर. श्वसनाचा खरा भाग पेशीत होतो, जिथे ग्लुकोज तुटून ऊर्जा मिळते. फुप्फुसातले वायुकोश ऑक्सिजन रक्ताला देतात, हिमोग्लोबिन तो पेशीपर्यंत नेतं, आणि तिथे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीचं ऊर्जाकेंद्र) बराचसा कारभार होतो. जोरात पळताना ऑक्सिजन पुरत नाही तेव्हा स्नायू ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज अर्धवट तोडतात, लॅक्टिक आम्ल तयार होतं. किण्व (यीस्ट) हेच काम करताना अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं, म्हणून पाव फुगतो.

प्र. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी लिहायचे की ३०-३२? नेटवर वेगळं दिसतं.

एटीपी म्हणजे पेशी ऊर्जा ज्यात साठवते तो रेणू. शाळेच्या पातळीवर ३८ धरतात, पेपरात ३८ लिहा. प्रत्यक्ष पेशीत काही ऊर्जा तंतुकणिकेच्या आत-बाहेर वाहतुकीत खर्च होते म्हणून मोजमाप ३०-३२ च्या आसपास येतं. दोन्ही माहीत असणं चांगलंच आहे.

प्र. रात्री पिंपळाखाली झोपू नये म्हणतात. आणि काही लोक म्हणतात पिंपळ रात्री पण ऑक्सिजन देतो. खरं काय?

दोन्ही अर्धवट. झाड चोवीस तास श्वसन करतं, दिवसा प्रकाशसंश्लेषण जास्त असतं म्हणून एकूण ऑक्सिजन बाहेर येतो, रात्री फक्त श्वसन. पण एका झाडाने मोकळ्या हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड तुम्हाला त्रास देण्याइतका नसतो, तुमच्या शेजारी झोपलेला भाऊ जास्त सोडतो. आणि रात्री ऑक्सिजन कोणतंच झाड सोडत नाही, कारण तो ऑक्सिजन येतो पाण्याचा रेणू तुटून, आणि तो तुटायला प्रकाश लागतो. १९४१ मध्ये जड ऑक्सिजन असलेलं पाणी वापरून हे सिद्ध केलं होतं. काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, निवडुंगासारख्या, त्यावरून ही गोष्ट पसरली असावी, पण साठवणं वेगळं आणि ऑक्सिजन सोडणं वेगळं.

प्र. मे महिन्यात ४५ डिग्रीत लघवी कमी आणि पिवळी होते, हे वृक्काच्या (किडनीच्या) धड्यातून कसं समजवायचं?

हे धडा शिकवायचं उत्तम उदाहरण आहे. दोन्ही वृक्कं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, आणि लघवी होते फक्त दीड लिटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सगळं पाणी परत रक्तात घेतलं जातं. उन्हात घामावाटे पाणी गेलं की मेंदूकडून संप्रेरकाचा संदेश येतो आणि वृक्क अजून जास्त पाणी परत घेतं, मळ तेवढाच, पाणी कमी, म्हणून रंग गडद. पोरांनी शाळेत पाणी प्यावं यासाठी याहून चांगला धडा नाही.

आणि घाम का? बसल्या जागी सुद्धा तुमच्या पेशी श्वसन करून उष्णता तयार करत असतात. दिवसाला २००० किलोकॅलरी म्हणजे सरासरी १०० वॅटच्या बल्बएवढी. ५० पोरांचा वर्ग म्हणजे असे ५० बल्ब. ती उष्णता बाहेर टाकायला शरीर घाम उडवतं, १ ग्रॅम घाम उडायला ५८० कॅलरीच्या आसपास उष्णता लागते आणि ती त्वचेतून घेतली जाते. कूलर पण पाणी उडवूनच हवा थंड करतो, म्हणून मेच्या कोरड्या हवेत मस्त चालतो आणि जुलैत दमट हवेत नुसता चिकचिकाट. घामाबरोबर मीठ पण जातं, म्हणून नुसतं पाणी नाही, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस.

प्र. पेपरात वेळ पुरत नाही.

स्टेट बोर्डाचा ४० मार्कांचा एकेक पेपर २ तासांचा असतो, म्हणजे एका मार्काला ३ मिनिटं. पुरतो. न पुरायचं कारण बहुतेक वेळा आकृती दोनदा खोडून काढणं. मानवी हृदय, उत्सर्जन संस्था, किरणाकृती, या आधीच इतक्या काढा की पेपरात हात थांबणार नाही. किरणांवर बाण विसरू नका.

प्र. घरी कोणते प्रयोग करता येतील?

चुन्याची निवळी वर सांगितलीच. पानातल्या स्टार्चचा प्रयोग शाळेतच करा, कारण पान स्पिरिटमध्ये उकळावं लागतं आणि स्पिरिट थेट ज्योतीवर कधीच ठेवायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यातच ठेवायचं.

आणि एक असा प्रयोग आहे ज्याला काहीच लागत नाही आणि जो दिल्लीच्या पोरांना त्यांच्या गावात करताच येत नाही. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंशांच्या थोडं वर, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यानंतर. जुलैत ढग असतात म्हणून मे पकडा. २६ मेच्या आसपास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या थोडं आधी गच्चीवर जा, सपाट जागी एक स्टीलचा ग्लास उलटा ठेवा आणि सावली बघत राहा. टोपी घाला, पाणी प्या, सूर्याकडे बघू नका, फक्त ग्लासच्या सावलीकडे बघा. दर दोन मिनिटांनी खडूने सावलीचं टोक आखून ठेवा, म्हणजे ती कधी सगळ्यात आखूड झाली ते नंतर मोजता येईल.